लाल झुलीची बाई

२७ सप्टेंबर, शुक्रवार. घट बसायला आठवडाही उरला नव्हता आणि घरातल्या गोधड्या धुवायच्या राहिल्या होत्या. चार दिवस आभाळ गच्च भरलेलं होतं. त्या दिवशी ऊन पडलं, तशी मी खालची गिरणी बंद ठेवली आणि सगळ्या गोधड्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी नेऊन टाकल्या.

केजमध्ये आमचं घर म्हणजे खाली पिठाची गिरणी आणि वर आम्ही. गिरणी मी चालवते. नवरा शेताकडे असतो, संध्याकाळी येतो. गोधड्या धुवायला तो कधीच सापडत नाही. मीही शोधत नाही.

गोधडीला कपडा समजून धुवायला गेलं की कंबर धरते. चार-पाच जुनी पातळं एकावर एक घालून शिवलेली ती वस्तू. सोडा टाकून भिजवायची, मग पायाने तुडवायची, मग उलटवून पुन्हा तुडवायची. पाणी प्यायली की ती तान्ह्या रेडकाएवढी जड होते. पिळायला दोघी लागतात. एकीने एका टोकाला, दुसरीने दुसऱ्या टोकाला धरून उलट्या दिशेला पीळ द्यायचा.

दुसरी बाई गच्चीवर होती. माझी सून. पण ती पालथ्या बादलीवर बसून, मांडीवर फळी घेऊन चित्र काढत होती. सासू गोधड्या तुडवते आणि सून चित्र काढते, यावर गल्लीत जे बोलून व्हायचं ते बोलून झालं होतं. मी गिरणीत एकदाच मोठ्याने सांगितलं होतं, की तिचं ते काम आहे आणि माझं हे. पिठाचा डबा उचलून घरी जायचं असेल तर जा. मग बोलणं कमी झालं, निदान माझ्यासमोर तरी.

ती आणि माझा मुलगा पुण्यात राहतात. त्यांच्या बिल्डिंगीत वरच्या मजल्याचं काम निघालं, दिवसभर फरशा फोडायचा आवाज. तिचा फोन आला, "आई, पुस्तक संपेपर्यंत तुमच्याकडे येऊ का?" मी म्हटलं, ये, पण इथे गिरणी आहे, तिचाही आवाज आहे. ती म्हणाली, "तो एकसारखा असतो. त्याची सवय होते." आली, आणि खरंच झाली.

पुस्तक म्हणजे चित्रकादंबरी. मोठ्या माणसांचं कॉमिक, असं मी लोकांना सांगत असे. विषय ऐकून मला हसू आलं होतं. ऐंशी वर्षांपूर्वी दुसरं महायुद्ध चालू असताना परदेशात म्हणे ढिगाने कॉमिक्स निघायची. प्रत्येकात एक तरी हिरो, अंगाला चिकटलेले कपडे, मागे झेंड्यासारखं काहीतरी फडफडतंय, आणि तो शत्रूला ठोसे मारतोय. युद्ध संपलं, कॉमिक्सचा खप पडला, छापणारे बुडाले. आज त्यातल्या कितीतरी हिरोंवर कुणाचाच हक्क राहिलेला नाही. कुणीही उचलावा, कुणीही काढावा.

"म्हणजे कोंडवाड्यातली जनावरं," मी म्हटलं. "धनी सोडवायला आलाच नाही."

ती इतकी हसली की तिने ते वाक्य कागदाच्या कडेला लिहून ठेवलं.

त्या कोंडवाड्यातून तिने तीन जनावरं सोडवली होती. एक रणगाड्याची नळी काकडीसारखी वाकवणारा. एक आभाळात उडून बाँब झेलणारा. आणि तिसरी एक बाई, पाठीवर लाल झूल असलेली. झूल हा माझा शब्द, पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतो ती. सून केप म्हणायची. महिनाभराने तीही झूल म्हणायला लागली.

मी लहान असताना बसस्टँडवर एक माणूस दोरीला कॉमिक्स अडकवून भाड्याने द्यायचा. तिथेच दगडावर बसून वाचायचं आणि परत करायचं. भावाबरोबर मीही वाचली आहेत. त्यामुळे मला वाटलं, आपल्याला ठाऊक आहे यात काय असणार. धडाम, ठो, आणि शेवटी हिरो कमरेवर हात ठेवून उभा.

तिने पहिलं प्रकरण दिलं ते मी गिरणीत, दोन डब्यांच्या मधल्या वेळात उघडलं. युद्ध संपलंय. नळ्या वाकवणाऱ्याला आता काम नाही. तो घरी येतो, आणि त्याला हलकी वस्तू धरता येत नाही. कपाचा कान तुटतो, दाराची कडी हातात येते. बायको त्याला सकाळी एक अंडं हातात देते आणि चुलीपर्यंत घेऊन ये म्हणते. एवढंच. चुलीपर्यंतच्या त्या दहा पावलांना सुनेने सहा पानं दिली होती. एकही शब्द नाही. नुसते हात, अंडं, बायकोचे डोळे, जमीन. मी पुढचं पान उलटायला घाबरत होते. वरचं धान्य संपून दगडावर दगड घासला, जळका वास सुटला, तेव्हा मी भानावर आले. वीस वर्षांत गिरणी अशी मोकळी फिरू दिली नव्हती मी.

सगळंच तसं होतं असं मी म्हणणार नाही. उडणाऱ्याचं प्रकरण मला लांबलं. तो ढगावर बसून नुसता विचार करतो. मी तिला सांगितलं, "ह्या माणसाला काहीतरी काम दे. बसून बसून त्याचंही डोकं फिरेल आणि वाचणाऱ्याचंही." तिला राग आला. दोन दिवस मोजकं बोलली. मग चार पानं काढून टाकली आणि त्याला एका गावाची पाण्याची टाकी साफ करायला लावलं. उडता येणाऱ्या माणसाने करावं असंच ते काम होतं.

पण लाल झुलीच्या बाईच्या प्रकरणात मात्र एक रेघही बदल असं मला सांगावंसं वाटलं नाही.

जुन्या कॉमिक्समध्ये ही बाई कधी लढायचीच नाही. ती शेवटच्या पानावर टेकडीवर उभी राहायची, झूल वाऱ्यावर, बोट समोर, आणि वाचणाऱ्या पोरांना सांगायची, चला, भरती व्हा, विजय आपलाच आहे. तिचीच चित्रं भिंतींवर लागायची. सुनेने यातलं काही बदललं नाही. तिने फक्त विचारलं, मग पुढे? युद्ध संपल्यावर ही बाई टेकडीवरून खाली उतरते. तिला उडता येत नसतं, कधीच येत नव्हतं. तो सगळा वाऱ्याचा खेळ. ती पायी निघते. जिथे जिथे तिच्या सांगण्यावरून पोरगं गेलं, त्या त्या घरी जाते. सगळ्या प्रकरणभर पाऊस आहे. कुणी दार लावून घेतं. कुणी जेवायला वाढतं आणि बोलत नाही. एक आई तिच्यापुढे निवडायच्या डाळीचं सुपडं सरकवते, आणि दोघी पान संपेपर्यंत खडे निवडत बसतात. एका घरी तर तो मुलगा जिवंत परत आलेला असतो. ही रडायला लागते, आणि तो म्हणतो, "बाई, मी तुमचं चित्र बघितलंच नव्हतं. मी पगारासाठी गेलतो." मी एकटीच मोठ्याने हसले. पीठ न्यायला आलेल्या बाईने माझ्याकडे वळून बघितलं.

एवढ्याशा मुलीला हे कुठून सुचलं, असा विचार माझ्या मनात आला. तिला विचारलं नाही. असलं विचारलं की माणसं काहीतरी खोटं उत्तर तयार करतात.

तर त्या शुक्रवारी ती याच प्रकरणाचं शेवटचं पान काढत होती आणि तिचं अडलं होतं.

"आई, ओली झूल कशी पडते तेच दिसत नाहीये मला. मोबाइलवर सगळे फोटो पंख्यासमोरचे. कोरडी, उडणारी."

मी एका गोधडीचं वरचं लाल पातळ उसवून काढलं होतं, जीर्ण झालेलं म्हणून. ते टाकीपाशीच भिजत पडलं होतं.

"हे घे. दोरीवर टाकून बघ."

"दोरीला खांदे नसतात."

खरं होतं. मी साबणाचे पाय धुतले आणि धुण्याच्या दगडावर उभी राहिले. तिने ते निथळतं पातळ माझ्या खांद्यांवर टाकून गळ्यापाशी गाठ मारली. सकाळीच न्हायले होते, शुक्रवार म्हणून. केस वाळायला मोकळे सोडलेले. कपाळाचं कुंकू घामाने आणि पाण्याने जरा ओघळलं असणार.

"एक पाय पुढे. हात लांब करा. आणखी. मान वर. हलू नका."

"मी कुठं हलतेय? हात हलतायत."

"डोळे जरा रागाचे करा."

"कुणावर?"

"कुणावरही."

मी ऐन पीठ दळताना जाणाऱ्या लायटीची आठवण काढली. लगेच जमलं. सून म्हणाली, "हां, हां, अस्संच," आणि खाली मान घालून काढायला लागली. तासभर गोधड्या तुडवून मला आधीच धाप लागलेली. त्यात ते ओझं. हूं, हूं असा श्वास निघत होता आणि दंड थरथरत होते. पण तिची पेन्सिल चालताना बघितली तेव्हा हात खाली घ्यावासा वाटेना.

आमच्या समोरच्या घराची गच्ची हातभर बोळाच्या पलीकडे आहे. तिथली शेजारीण कपडे वाळत घालायला आली असणार. मला ती दिसली नाही. तिला मी दिसले.

त्या शेजारणीचं इथे सांगायला हवं. तिची थोरली मुलगी सैन्यात निवडली गेली होती. मुलगी वर्षभर रोज पहाटे आमच्या गिरणीवरून बाहेरच्या रस्त्याला पळायला जायची, आणि मी शटर उघडताना परत यायची. तिला सोमवारी पुण्यात हजर व्हायचं होतं, तिथून सगळ्या मुलींना एकत्र ट्रेनिंगला नेणार होते. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून मामाकडे उतरायचं, असा बेत होता. फक्त तो बेत मुलीचा होता. आईने अजून हो म्हटलं नव्हतं. बाप उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. तो म्हणाला, तू आई हायस, तूच ठरव. आणि आई आठवडाभर ठरवत होती. पोरीची बॅग भरून दारामागे ठेवलेली सगळ्या गल्लीने बघितली होती.

मी हात पसरून उभी असतानाच जिन्यात पावलं वाजली. शेजारीण वर आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात नारळ आणि हळदीकुंकवाचा करंडा. मागे जिन्यात आणखी दोघी-तिघी, पदर डोक्यावर घेतलेल्या. मला काही समजायच्या आत तिने माझ्या पायांवर तांब्या ओतला आणि खाली वाकून दगडावर डोकं टेकलं.

"माय, तूच आलीस गं. मी अंबाजोगाईला तुझ्या देवळात यायचं म्हणत हुते, तूच चालत आलीस."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. शुक्रवार, घट तोंडावर, मोकळे केस, ओलं लाल लुगडं, थरथरणारे हात, रागाचे डोळे आणि तो हूं हूं आवाज. आमच्याकडे याचा एकच अर्थ होतो. गिरणीवालीच्या अंगात आलं.

"अगं ऊठ," मी म्हटलं. "मी हाय. अंगात-बिंगात काही न्हाई."

"परीक्षा बघू नकू माय."

"काही परीक्षा न्हाई. सून चित्र काढायली माझं."

जिन्यातली एक जण दुसरीला म्हणाली, "आधी न्हाईच म्हणती. माझ्या चुलतसासूच्या अंगात यायचं, ती बी न्हाईच म्हणायची."

"तो नारळ खाली ठेव," मी शेजारणीला म्हटलं. "दगड ओला हाय, घसरून पडशील."

तिने नारळ चटकन खाली ठेवला आणि हात जोडले. जिन्यातून आवाज आला, "नारळ घेतला गं, घेतला!"

सुनेकडे बघितलं. ती पेन्सिल हवेत धरून बसली होती.

आणि मग शेजारणीने विचारलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने, डोळे मिटून. "माय, एकच सांग. लेकराला धाडू का नकू? ती म्हणती जाते. मला झोप न्हाई. डोळा लागला की बंदुकीचाच आवाज येतो. तू धाड म्हण, मी धाडते. तू नकू म्हण, मी बॅग सोडते. तुझ्या शब्दाभाईर न्हाई."

मुलीने जावं, असंच माझं मत होतं. वर्षभर पहाटे मीच तिला बघत होते. एक शब्द बोलायचा होता. खाली उतरायचीही गरज नव्हती. दगडावर उभी राहून, हात पुढे करून, धाड. संपलं असतं. मुलीचं भलं झालं असतं, आई शांत झोपली असती, आणि जिन्यातल्या बायांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या केजला सांगितलं असतं.

माझा हात खरंच पुढे होता. सुनेने सांगितला होता तसाच. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती भिंतीवरची बाई आली, टेकडीवर उभी, बोट समोर. तिलाही आपण चांगलंच सांगतोय असं वाटलं असणार. उद्या तिकडे कुठे त्या पोरीच्या जिवाचं काही झालं, तर ही शेजारीण जाऊन देवीला जाब विचारील. मी मात्र खाली बसून तिची ज्वारी दळत असेन, आणि मला माहीत असेल, की ते देवी नव्हे, मीच बोलले होते. मला ते जमलं नसतं.

मी गळ्याची गाठ सोडली. पातळ बादलीत टाकलं, केसांचा बुचडा बांधला, दगडावरून उतरले आणि भिजलेल्या गोधडीचं एक टोक उचललं.

"हे धर," मी शेजारणीला म्हटलं. "डावीकडं पिळ. मी उजवीकडं पिळते."

तिने डोळे उघडले. गोधडीकडे बघितलं. सवयीने टोक धरलं आणि पिळायला लागली. दोन पीळ पडल्यावर तिचा चेहरा बदलला. देवीने आजवर कुणाला गोधडी पिळायला लावलेली नाही.

जिन्यातल्या बायांनीही ते बघितलं. एक म्हणाली, "गेली वाटतं. आता ह्याच बोलायल्यात." दुसरी म्हणाली, "चला गं, सयपाक पडलाय." त्या उतरून गेल्या.

शेजारीण पिळत राहिली, पण आता रागाने. पाणी माझ्या अंगावर उडत होतं.

"आधीच खाली उतरायला काय झालतं तुमाला? गल्लीदेखत सगळं बोलून बसले मी. झोप न्हाई म्हणले, बंदुकीचं म्हणले. आता त्या साऱ्या गावाला सांगत हिंडतील."

"मी पहिल्यांदाच सांगितलं, मी हाय म्हणून."

"तसं तर देवी बी सांगती!"

आम्ही ती गोधडी कठड्यावर टाकली आणि दुसरी उचलली. तिसऱ्या गोधडीपर्यंत तिचा राग उतरला आणि ती स्वतःच बोलायला लागली. हात चालू असले की आमच्याकडच्या बाया खरं बोलतात.

"तुमाला वाटत असंल, मी पोरीला आडवायले. मला आडवायचं न्हाई, काकू. तिचा बाप म्हणतो तू ठरव. सासू म्हणती तू ठरव. उद्या तिकडं काय झालं, तर समदे म्हणतील, आईनंच धाडली. आन न्हाई धाडली, तर पोरगी जलमभर म्हणंल, आईनंच आडवलं. दोन्हीकडून मीच. देवीनं सांगितलं असतं, तर कुनी कायबी बोललं नसतं मला."

आम्ही चौथी गोधडी पिळून कठड्यावर टाकली.

सून उठली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. तिने आपल्या पिशवीतून त्या प्रकरणाची पानं काढली, हात कोरडे आहेत का असं शेजारणीला विचारलं, तिला पालथ्या बादलीवर बसवलं आणि पानं तिच्या मांडीवर ठेवली. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला अजून तिने ती दाखवली नव्हती, तिच्या नवऱ्यालासुद्धा.

शेजारीण सातवीपर्यंत शिकलेली. ओठ हलवत, बोट फिरवत वाचते. पण या पानांवर शब्द थोडेच होते. ती एकेका चौकटीवर थांबायची. दार लावून घेतात तिथे तिने मान हलवली, बरोबर केलं अशी. डाळ निवडायच्या पानावर बराच वेळ बसली. पगारासाठी गेलेल्या पोराला हसली. "आमच्या गल्लीतला दिसतो," म्हणाली. मी गोधड्या उलटत होते आणि तिच्याकडे बघत होते. पुस्तकाची परीक्षा म्हणावी तर ती तिथे चालू होती. ज्या बाईला उद्या सकाळी आपलं पोर धाडायचं की नाही हे ठरवायचंय, तिच्या मांडीवर ती पानं होती, आणि ती त्यांतून मान वर काढत नव्हती. सुनेने कुठे रडं चिकटवलेलं नव्हतं, कुठे शहाणपण सांगितलेलं नव्हतं. पाऊस, दारं आणि माणसांचे हात, एवढ्यावर तिने हे उभं केलं होतं. मी आयुष्यात फार पुस्तकं वाचलेली नाहीत, पण दळलेलं पीठ बोटांत धरून कसं झालंय ते सांगू शकते. हे बारीक आणि सारखं झालेलं होतं.

शेजारणीने पानं नीट जुळवली आणि सुनेला विचारलं, "ही बाई आधी कावून न्हाई आली?"

"आधी म्हणजे?"

"पोरं जायच्या आधी. तवा भिताडावर चिटकून बसली, आन समदं झाल्यावर दारोदार हिंडायली. आधी आली असती दारात, बसली असती, म्हणली असती, बाई, मी सांगते म्हणून धाड, उद्या कायबी झालं तर मला धर. मग काय म्हणणं न्हाई."

सून म्हणाली, "भिंतीवरच्या बाईला खाली उतरता येत नाही ना. म्हणून तर ती गोष्ट अशी आहे."

"तिचं असंल," शेजारीण म्हणाली.

मग मला सुचलं. फार मोठं काही नव्हतं. मी गच्चीवर होते, भिंतीवर नाही.

"मी म्हणते धाड," मी तिला म्हटलं. "देवी न्हाई, मी. गिरणीवाली. कुणी विचारलं तर सांग, हिनं ठरवलं. सासूला सांग, नवऱ्याला सांग. काही वाईट झालं तर माझ्या दारात ये आणि मला बोल. मी कुठं जात न्हाई, रोज सातला शटर उघडते."

"तुमी म्हणायला काय जातंय."

"उद्या संगं येते. पुण्यापर्यंत. तू आणि मी तिला पोचवू. म्हणजे तू एकटीनं धाडली असं व्हायचं न्हाई."

तिने पानं सुनेच्या हातात दिली. "मी भांडाय येईन बरं का. खरंच येईन. मग दळण बी न्हाई टाकणार तुमच्याकडं."

"टाकू नको."

"आन पोरगी बरी राहिली तर?"

"तर काही न्हाई. दळण टाक."

ती हसली. चांगली मोठ्याने हसली, आठवड्यात पहिल्यांदाच असेल. तांब्या घेऊन निघाली, आणि नारळ तिथेच ठेवला. म्हटलं, घेऊन जा. "देवीला आणलेला परत नेत न्हाईत," ती म्हणाली आणि जिना उतरली. पाचच मिनिटांत तिच्या घरातून मुलीचा आवाज आला. शब्द कळले नाहीत, पण आवाज कळला.

नारळाची आम्ही चटणी केली. सुनेला विचारलं, "तुझ्या झुलीचं काय झालं?" तिने कागद दाखवला. ओलं कापड खांद्यांवरून असं पडलं होतं की बघूनच माझे खांदे दुखले. बाई टेकडीवर नव्हती, एका दाराबाहेर उभी होती, आणि दंड थरथरत आहेत हे रेघेतून दिसत होतं. तोंड माझं नव्हतं, ते बरं केलं. "चांगलं आहे," मी म्हटलं. ती म्हणाली, "नुसतं चांगलं?" मी म्हटलं, "लई चांगलं आहे. आता आधी वाळली ती गोधडी घडी घालायला ये."

संध्याकाळी नवरा शेतावरून आला तो हसतच. चौकात त्याला कुणीतरी गाठून सांगितलं होतं. "अगं, अंगात आलं तर मला आधी सांगायचं. बोअरला पाणी कुठं लागंल ते तरी विचारलं असतं."

"आता उद्या पुण्याला चाललेय," मी म्हटलं. "आल्यावर विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठले. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधली, गिरणीच्या शटरला कुलूप घातलं आणि समोरच्या घरी गेले. मुलगी ट्रॅकसूट घालून तयार होती. तिचा बाप बॅग उचलायला पुढे झाला. मी म्हटलं, "बॅग माझ्याकडे द्या." ती जड होती, पण मी ती हातात घेऊन मुद्दाम गल्लीच्या मधून चालले. दारादारांत बाया उभ्या होत्या. जिन्यातली कालचीच एक म्हणाली, "कुठं निघालाव काकू?" मी थांबून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पोरीला पोचवायला. मीच धाडायलेय हिला." पुढच्या दारातही तेच सांगितलं, त्याच्या पुढच्याही. शेजारीण माझ्या मागून चालत होती. सगळं ऐकत होती.

स्टँडवर गाडी लागलेलीच होती. तिघींना एका बाकावर जागा मिळाली, मुलगी खिडकीला, आई मध्ये. मांजरसुंब्याचा थांबा यायच्या आत कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापर्यंत आला. शेजारीण पदराची गाठ सोडायला लागली. मी तिचा हात दाबला आणि म्हटलं, "तीन पुणे."